केसपेपरवरची पहिली ओळ

यंत्रमागात हात सापडला की पहिला अर्धा तास रक्त थांबवण्यात आणि रिक्षा शोधण्यात जातो. पुढं दोन-तीन वर्षं चालणारा भरपाईचा दावा निम्माशिम्मा ठरतो तो याच अर्ध्या तासात, अपघात विभागाच्या टेबलावर, केसपेपरच्या पहिल्या ओळीत. जखमी कामगारांचे कागद लावून देण्याचं काम करताना आम्ही कुणाचंही कागदांचं पाकीट उघडलं की आधी ती ओळ वाचतो. पगाराची चिठ्ठी, बिलं, एक्स-रे सगळं नंतर.

सोलापुरात आमच्यापुढं येणारे कागद बहुतेक पूर्व भागातल्या टॉवेल-चादरीच्या शेडमधले असतात. थोडे अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले, काही युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांतले. जखमाही ठरलेल्या. साध्या शटलच्या मागावर क्रँक शाफ्टचा लहान गिअर खालच्या शाफ्टच्या दुप्पट दातांच्या गिअरला जिथं भिडतो, तिथं चालू मागावर तेल घालताना किंवा अडकलेलं सूत ओढताना बोट जातं. धोट्याची, म्हणजे शटलची, टोकं लोखंडी असतात. शटल गार्ड वाकलेला किंवा काढून ठेवलेला असला की उडालेला धोटा शेजारच्या मागावरच्या माणसाच्या डोळ्यावर बसतो. बॉबिन भरणाऱ्या बाईची ओढणी पट्ट्यात जाते. डाईंगमध्ये कॉस्टिक सोडा अंगावर उडतो. शिलाईत सुई नखातून आरपार जाते आणि तुटलेलं टोक आतच राहतं.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ ओल्या गॉजमध्ये किंवा धुतलेल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं की पेशी गोठून मरतात आणि मग जोडणारा डॉक्टर गाठूनही उपयोग नसतो. डोळ्याला धोटा लागला असेल तर डोळा दाबायचा नाही, चोळायचा नाही. वर कागदी कप उपडा धरून तसंच न्यायचं. कॉस्टिक असेल तर मात्र आधी भरपूर वाहतं पाणी, रुग्णालय त्यानंतर.

आता ती ओळ. जखमी माणसाबरोबर बहुतेक वेळा मुकादम किंवा कारखानदाराचा माणूस जातो. कामगार वेदनेनं विव्हळत असतो, त्यात निम्म्या जणांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड. डॉक्टर विचारतो, कसं लागलं? उत्तर सोबतचा माणूस देतो: घरी पडला, गाडीवरून पडला, दरवाज्यात बोट सापडलं. डॉक्टर ते जसंच्या तसं लिहितो, 'एच/ओ फॉल ॲट होम', म्हणजे घरी पडल्याची हकीगत. त्यात डॉक्टरचा दोष नाही, त्यानं ऐकलेलं लिहिलं. कारखान्यातला अपघात म्हटलं की एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) होते, पोलीस चौकीला खबर जाते, जबाब होतो. एवढं टाळण्यासाठी चार शब्द बदललेले असतात. दोन वर्षांनी उलटतपासणीत मालकाच्या विमा कंपनीचा वकील तेवढाच कागद हातात धरतो.

म्हणून घरचं कुणीतरी दवाखान्यात पोचेपर्यंत सोबतच्या कामगारानं तोंड उघडायला हवं. 'कारखान्यात, चालू मागावर, अमुक वाजता' एवढे शब्द केसपेपरवर आले पाहिजेत. चुकीचं लिहिलं गेलंच तर खाडाखोड करून घेऊ नका, खाडाखोड मूळ चुकीपेक्षा वाईट दिसते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या नावे साधा अर्ज द्या: रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नव्हता, माहिती दुसऱ्यानं दिली, खरी हकीगत अशी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, आणि राउंडला येणाऱ्या डॉक्टरला खरी हकीगत सांगून त्या दिवसाच्या नोंदीत लिहायची विनंती करा. तिसऱ्या दिवसाची दुरुस्ती टिकते. तिसऱ्या महिन्यातली दुरुस्ती म्हणजे वकिलानं शिकवलेली कहाणी, असं समोरचा म्हणणारच.

दुसरी घातक नोंद दारूच्या वासाची. रातपाळीत हे होतं. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मालकाला सूट आहे ती नशेचा थेट परिणाम म्हणून झालेल्या जखमेला, आणि तीही मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर लागू होत नाही. नुसता वास म्हणजे अंमल नव्हे. रक्ताचा नमुना घेतलेला नसेल तर त्या नोंदीचं वजन कमी करता येतं. मुद्दाम सुरक्षा कव्हर काढल्याची सूटही अशीच. बहुतेक शेडमध्ये गिअरवर कव्हर मुळात नसतंच, आणि नसलेलं कव्हर कामगार काढणार कुठून? अपघातानंतर दोन दिवसांत पत्र्याचं नवं कोरं कव्हर बसतं. फोटो त्याच्या आधी काढलेला हवा.

उपचार कुठं आणि कुणाच्या पैशानं, इथं तीन वाटा फुटतात आणि चुकीच्या वाटेनं गेलं की वर्ष वाया जातं.

पहिली वाट ईएसआय. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगार विमा लागू होतो. पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. बारा हजारांच्या पगारावर कामगाराचे ९० रुपये. ही कपात पगारचिठ्ठीवर दिसली तर उपचार कामगार विमा रुग्णालयाकडून, मजुरीच्या सरासरीच्या ९० टक्के तात्पुरता अपंगत्व लाभ, आणि कायमचं व्यंग राहिलं तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या टक्क्यानं पेन्शनसारखी रक्कम. कामावरच्या जखमेला आधी इतके दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. पण विमाधारकाला मालकावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, ती वाट कायद्यानं बंद आहे. वर्षभर तारखा करून शेवटी 'अर्जदार विमाधारक आहे' एवढ्या एका ओळीवर अर्ज निकाली निघालेला आम्ही पाहिला आहे. पाकीट उघडल्यावरचा दुसरा प्रश्न त्यामुळं हाच: विमा क्रमांक आहे का?

दहाचा आकडा टाळायला एका शेडमध्ये तीन-चार फर्मची नावं लावलेली असतात. माग तेच, मीटर एक, मुकादम एक, पाट्या चार. कामगाराला स्वतःची फर्म कोणती हेच माहीत नसतं. अशा वेळी वीजबिल, चलनं, मालाच्या पावत्या, जे हाती लागेल त्याचे फोटो ठेवावेत आणि दाव्यात सगळ्या फर्मना सामनेवाले करावं.

दुसरी वाट सिव्हिल, किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारं रुग्णालय. इथं एक खाच आहे. योजनेतून शस्त्रक्रिया झाली की कामगाराचा खर्च शून्य, आणि मालकाचाही शून्य. कायद्यात परत मिळतो तो कामगारानं 'प्रत्यक्ष केलेला' खर्च. सरकारनं केलेला खर्च मालकाकडून वसूल करून मागायला इथं कामगाराला जागा नाही. योजनेत जाऊ नका असं आम्ही कधीच सांगत नाही, हात वाचणं पहिलं. पण योजनेबाहेर आणलेली औषधं, पट्ट्या, नंतरची फिजिओथेरपी यांची पावती वेगळी ठेवा, कारण तेवढीच मागता येते.

तिसरी वाट खासगी दवाखाना. खरी भांडणं इथंच होतात. मालक पहिल्या दिवशी दहा-वीस हजार भरतो, प्लेट किंवा तारा टाकल्या की गायब होतो, आणि डिस्चार्जच्या वेळी घरचे सोनं गहाण ठेवून बाकी भरतात. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात उपचाराचा खर्च देण्याची तरतूदच पहिली जवळपास ८७ वर्षं नव्हती. २००९ च्या दुरुस्तीनं कलम ४ मध्ये पोटकलम २अ आलं आणि १८ जानेवारी २०१० पासून लागू झालं: कामाच्या ओघात झालेल्या जखमेवरच्या उपचाराचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च कर्मचाऱ्याला परत मिळेल. एकच वाक्य. किती दिवसांत, कोणत्या पुराव्यावर, आगाऊ की नंतर, काही नाही. परत मिळेल म्हणजे आधी कामगारानं घालायचा. हातावर पोट असलेल्या माणसाला दिलेलं हे वरातीमागून घोडं आहे, पण आहे ते हे आहे.

'प्रत्यक्ष खर्च' सिद्ध होतो तो बिलानं, आणि बिलांची आमच्या पाकिटात होणारी दशा सांगायलाच हवी. मेडिकल दुकानांतली बरीच बिलं थर्मल कागदावर येतात. पत्र्याच्या घरात, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असं बिल काही महिन्यांत कोरं होतं. बोट फिरवलं तरी अक्षर लागत नाही. वरच्या कोपऱ्यात दुकानाच्या नावाची सावली तेवढी उरते. त्या सावलीवर कोण पैसे देणार? बिल हातात आलं त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, आणि झेरॉक्सवर मागं लिहा की मूळ बिल सोबत आहे. बिलावर रुग्णाचं नाव, तारीख, डॉक्टरचं नाव, औषधाचं नाव हवंच. 'कॅश' नावानं केलेलं बिल, एस्टिमेट, पॅडवर पेनानं लिहिलेली बेरीज ही बिलं नव्हेत. आगाऊ भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती वेगळी आणि शेवटचं एकत्रित बिल वेगळं. दोन्ही लागतात, कारण बिलातून 'मालकानं किती भरले' ते वेगळं काढावं लागतं. हाडात प्लेट किंवा तार घातली असेल तर तिच्या पाकिटावरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला आहे का ते बघा. औषधाची चिठ्ठी आणि बिल एकमेकांना टाचून, तारखेच्या क्रमानं लावून, एका कागदावर तक्ता करा: तारीख, दुकान, रक्कम, कशासाठी. साठ सुट्या चिठोऱ्यांपेक्षा दोन पानांचा तक्ता दावा ऐकणारे आयुक्त साहेब वाचतात.

पुढच्या वर्षी काढायच्या प्लेटचा खर्च आज 'झालेला' नसतो, म्हणून तो आज मंजूर होत नाही. डॉक्टरकडून 'प्लेट काढण्याची शस्त्रक्रिया लागेल, अंदाजे खर्च इतका' असं लिहून घ्यावं आणि अर्जात तो खर्च नंतर मागण्याचा हक्क राखून ठेवल्याचं वाक्य घालावं. हे वाक्य विसरलं तर पुढं तोंड उघडायला जागा राहत नाही. रिक्षा, सोबत्याची बुडालेली मजुरी, डब्याचा खर्च यांचा त्या एका वाक्यात उल्लेख नाही. मागून बघता येतं, धरून चालता येत नाही.

मालकाला नोटीस लवकर द्यायची. कायदा म्हणतो, जखमी माणसाचं नाव-पत्ता, दुखापतीचं कारण साध्या भाषेत, आणि तारीख. 'साध्या भाषेत' हे शब्द कायद्यातलेच आहेत, त्यामुळं दोन पानी इंग्रजी नोटिशीची गरज नाही. अशी नोटीस पुरते:

'दि. अमुक रोजी रातपाळीत पहाटे साडेतीनच्या सुमारास तुमच्या कारखान्यात माग क्र. ७ वर अडकलेलं सूत काढत असताना माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट खालच्या गिअरमध्ये सापडून तुटलं. गिअरवर कव्हर नव्हतं. मी अमुक रुग्णालयात दाखल आहे. उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई मिळावी.'

खाली सही किंवा अंगठा, मागाचा नंबर, सोबत असलेल्यांची नावं. हातोहात देऊन पोच घ्या, नाहीतर टपालानं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आहे, तेव्हा काउंटरवर पोचपावती मागून घ्यावी. नोटीस राहिलीच असेल तरी मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आलं तर दावा बुडत नाही. मालकानं दवाखान्यात भरलेल्या पैशाची पावती तिथं कामी येते. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. उशीर माफ होतो, पण कारण सबळ लागतं, आणि 'मालक देतो म्हणाले होते' हे कारण दर वेळी चालत नाही.

नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालक स्वतःच्या खर्चानं डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायला सांगू शकतो. हे १९२३ च्या कायद्याचं कलम ११. बरेच कामगार याला घाबरतात, आणि घाबरून चूक करतात. नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो. त्याहून मोठी चूक म्हणजे गावी निघून जाणं. हात बांधलेला, शहरात भाडं भरायला पैसे नाहीत, म्हणून माणूस तिसऱ्या दिवशी बसनं अफझलपूर, इंडी, आळंदकडं जातो. त्या तीन दिवसांत तपासणी न होता कामाच्या परिसरातून स्वखुशीनं गेलं तर परत येऊन तपासणीला हजर होईपर्यंत हक्क थांबतो. जायचंच असेल तर नोटिशीतच गावचा पत्ता आणि फोन लिहा आणि तीन दिवस थांबून जा. तपासणीला जाताना घरचा माणूस सोबत, एक्स-रेच्या प्रती सोबत, मूळ फिल्म द्यायची नाही. मूळ फिल्म दिली की ती परत येत नाही, आमचा अनुभव असाच आहे. कोऱ्या कागदावर सही नाही. डॉक्टर आपल्याला विचारतो तेवढंच बोलायचं. मालकाकडून दर पंधरवड्याला मिळणारे भरपाईचे पैसे चालू असतील तर राहत्या जागेबाहेर तपासणीला पहिल्या महिन्यात दोनदा आणि नंतर महिन्यातून एकदा याहून जास्त बोलावता येत नाही. बाईची तपासणी पुरुष डॉक्टरनं तिच्या संमतीशिवाय करायची तर दुसरी बाई हजर असावी लागते. हे नियम जुने आहेत, चांगले आहेत, आणि कारखान्यात कुणालाच माहीत नाहीत.

मात्र मालकानं दिलेले मोफत उपचार उगाच नाकारू नयेत. फुकट दिलेला डॉक्टर विनाकारण नाकारला, नंतर नियमित उपचारही घेतले नाहीत आणि त्यामुळं जखम चिघळली हे सिद्ध झालं, तर चिघळलेल्या भागाची भरपाई मिळत नाही. नीट उपचार झाले असते तर जेवढं नुकसान राहिलं असतं तेवढंच धरतात. जडीबुटीवाल्याकडं पट्टी बांधून घेणाऱ्यांचं इथं नुकसान होतं. डॉक्टर पसंत नसेल तर लेखी कारण देऊन दुसऱ्या पदवीधर डॉक्टरकडं जावं आणि ड्रेसिंगच्या प्रत्येक तारखेची नोंद कागदावर ठेवावी.

हात बरा होईपर्यंत मालकाकडून दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के मिळायला हवेत. बारा हजारांवर तीन हजार, म्हणजे महिन्याला सहा. ईएसआयच्या ९० टक्क्यांशी तुलना केली की कारखानदार आणि कामगार दोघंही ईएसआय का टाळतात हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही. तीन दिवसांच्या आत बरी झालेली जखम यात येत नाही. इथंच मालकाचा हिशोब पुढं येतो: 'मी दवाखान्यात चाळीस हजार भरले, ते यातून वजा करा.' होत नाहीत. मालकानं उपचारापोटी दिलेली रक्कम ही भरपाई म्हणून दिलेली रक्कम समजायची नाही, असं कलम ४ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. हे वाक्य आम्ही झेरॉक्स करून पाकिटातच ठेवतो.

मग टक्केवारी. तुटलेल्या बोटांमुळं कमाईची क्षमता किती टक्के गेली ते कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत छापलेलं आहे. अंगठा पूर्ण ३०. तर्जनी पूर्ण १४, तिची दोन पेरं ११, एक पेर ९. मधलं बोट पूर्ण १२, दोन पेरं ९, एक पेर ७. एका हाताची चार बोटं ५०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. वरच्या नोटिशीतल्या माणसाची तर्जनीची दोन पेरं आणि मधल्याचं एक गेलं असं धरा: ११ आणि ७ मिळून १८. वय ३५ ला कायद्याच्या तक्त्यातला गुणक १९७.०६. मजुरी १२,००० च्या ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला गुणकानं गुणून १४,१८,८३२. त्याचे १८ टक्के २,५५,३८९ रुपये ७६ पैसे. उपचाराचा खर्च याच्या वर, वेगळा. मजुरी कितीही असली तरी हिशोबाला धरायची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० आहे. अर्ज लिहिताना त्या दिवसाची अधिसूचना तपासून घ्यावी.

बोट जागेवर आहे पण वाकत नाही, मनगट फिरत नाही, अशी जखम अनुसूचीत नसेल तर डॉक्टरनं कमाईची क्षमता किती गेली हे लिहायचं असतं. लोक दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन येतात. त्यावर अवयवाचं व्यंग लिहिलेलं असतं, कमाईचं नाही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विणकराच्या उजव्या तर्जनीची चिमूट गेली तर तुटलेली तार उचलून गाठ मारता येत नाही. माग थांबतो, एका माणसाला चार माग सांभाळता येत नाहीत, मग कुणी कामावर ठेवत नाही. डॉक्टरला मागावरचं काम माहीत नसतं. आम्ही तपासणीला जाताना सुताची एक कांडी सोबत द्यायला सांगतो. डॉक्टरसमोर दोन तारांची गाठ मारून दाखवायची. जमत नाही ते त्यालाच दिसतं, आणि 'चिमटीची पकड नाही, तार जोडता येत नाही' असं प्रमाणपत्रात येतं. हे वाक्य टक्क्याच्या आकड्याइतकंच मोलाचं आहे. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराचं अपंगत्व संपूर्ण धरलं, कारण सुतारकाम एका हातानं होत नाही. टक्के देणारा डॉक्टर साक्षीला येईल ना, हे आधीच विचारून ठेवा. आला नाही तर प्रमाणपत्र नुसता कागद राहतो.

तडजोडीचे स्टॅम्पपेपर साधारण याच सुमारास निघतात. 'पन्नास हजार मिळाले, काही तक्रार नाही.' हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही, आणि तडजोड खरी असली तरी तिची नोंद आयुक्तांकडं करावी लागते. जखमी बाईला एकरकमी भरपाई द्यायची तर ती आयुक्तांकडं जमा करूनच. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. मृत्यूच्या प्रकरणातही तसंच. हे मालकाला वेळेवर सांगितलं तर त्याचाही फायदा आहे, नाहीतर तो दोनदा देतो.

अर्जात सामनेवाला म्हणून मालकासोबत विमा कंपनी घाला, पॉलिसीचा नंबर मागून घ्या. पॉलिसीत वैद्यकीय खर्चाचं कलम जादा हप्ता भरून घेतलेलं असतं किंवा नसतं. नसेल तर कंपनी टक्केवारीचे पैसे देते आणि दवाखान्याचे मालकावर ढकलते. म्हणून दोन्ही मागण्या वेगवेगळ्या रकान्यात मांडा. मजुरीचा पुरावा हा बहुतेक पाकिटांतला सगळ्यात पातळ भाग. रोख हप्ता मिळतो, चिठ्ठी कुणी जपत नाही. शेजारच्या मागावरच्या माणसाची साक्ष, पीस मोजण्याची वही, फोनवरचे मेसेज, काहीही नसेल तर यंत्रमागाच्या किमान वेतनाची अधिसूचना. देणं झाल्यापासून महिन्यात दिलं नाही तर १२ टक्के सरळ व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात व्याज वर्षाला ३०,६४६ रुपये होतं. दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. हे लक्षात आणून दिल्यावर काही जण लवकर येतात. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायद्यात आहे. तारखा कशा पडतात ते आवारात बसणाऱ्याला ठाऊक आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि नुकसानभरपाईचा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात गेला. त्याआधीचे अपघात जुन्या कायद्यानं. संहितेत घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, वेळ-ठिकाणाचा संबंध दिसला तर, कामावरचा धरला आहे. रातपाळी सुटल्यावर पहाटे सायकलनं विडी घरकुलकडं जाणाऱ्यांसाठी हे मोठं आहे. आयुक्ताऐवजी सक्षम प्राधिकारी आला. पण उपचाराच्या खर्चाचं वाक्य तेच राहिलं: प्रत्यक्ष केलेला खर्च परत.

बदलाला उरलेली जागा या संहितेखालच्या नियमांत आहे. खासगी कारखान्यांसाठी बरेच नियम राज्यानं करायचे असतात, आणि मसुदा निघाला की हरकती-सूचना मागवतात. सूचना लिहायची तर 'कामगारांना न्याय मिळावा' असं लिहून उपयोग नाही, मसुद्यात चिकटवता येईल असं वाक्य द्यावं लागतं. आम्ही तयार ठेवलेली वाक्यं अशी. दाखल करताना रुग्णालयानं मागितलेली अनामत मालकानं २४ तासांत भरावी. बिल सादर केल्यापासून ३० दिवसांत परतावा, नंतर भरपाईइतकंच व्याज. सरकारी योजनेतून उपचार झाले तर तो खर्च सरकारनं मालकाकडून वसूल करावा, म्हणजे फुकट उपचाराचा फायदा मालकाला होणार नाही. प्लेट काढण्यासारख्या पुढच्या उपचारांसाठी निकालानंतरही अर्ज करता यावा. अपघाताची हकीगत केसपेपरवर रुग्णाच्या तोंडून, त्याच्या भाषेत विचारून लिहावी, आणि माहिती दुसऱ्यानं दिली असेल तर देणाऱ्याचं नाव, नातं आणि सही त्याच ओळीखाली घ्यावी.

शेवटच्या वाक्याला पैसाही लागत नाही. अपघात विभागाच्या छापील केसपेपरवर एक रकाना वाढवायचा: 'हकीगत सांगणारा कोण'.